रोमन सुवर्णनाणे : मुद्रा आणि वजन

पांढुर्णा-सौसर भागातील घरांना पुतळ्यांची माळ अपरिचित नाही. नाण्यावरील मानवाकृतीमुळे व्हेनिसच्या सुवर्णनाण्यास आपल्याकडे 'पुतळी' म्हणत. माळेचे नाव त्यावरून पडले. परंतु परदेशी नाण्याचा अलंकार करण्याची रीत याहून पुष्कळ जुनी आहे. कल्पसूत्रात त्रिशलामातेच्या चौथ्या स्वप्नातील श्रीदेवीच्या वर्णनात दीनारांची माळ आली आहे. 'दीनार' हा शब्द रोमच्या 'देनारिउस'वरून आलेला. रोममध्ये हे चांदीचे नाणे होते. भारतात ते नाव सुवर्णमुद्रेस मिळाले.

रोमच्या सुवर्णनाण्यास तेथे 'ऑरियस' म्हणत. सम्राट तिबेरियस (इ. स. १४ ते ३७) याची अशी नाणी भारतात सापडली आहेत. त्यांच्या एका अंगास सम्राटाचे पर्णमुकुटयुक्त मस्तक, तर दुसऱ्या अंगास राजदंड व डहाळी धारण केलेली आसनस्थ स्त्री दिसते. राजदंड सत्तेचे, डहाळी शांततेचे चिन्ह होय.

चिन्ह हे राज्याचे वचन. त्याची पारख तराजूत होते. इ. स. ६४ मध्ये सम्राट नीरोने वजन घटविले आणि सुमारे आठ माशांचे नाणे साडेसात माशांवर आले. मुद्रेचा थाट मात्र तसाच राहिला. भारतात सापडलेल्या काही नाण्यांवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा घाव आहे. अशी नाणी येथे केवळ धातू म्हणून तोलून घेतली जात, असे अनेक अभ्यासक मानतात.

पेढीची नाममुद्रा हेही असेच एक वचन होय. ग्राहक ते वाचतो खरा. परंतु विश्वास ठेवतो तो मापावर, हे व्यापारीबंधूंनी सदैव ध्यानी ठेवावे.