वायफायचा बंदोबस्त

सातबारा, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक या चार दस्तऐवजांवर आमच्या घनसावंगी तालुक्यातील शेतकरी कुटुंबाचे निम्मे व्यवहार चालतात; आणि हे दस्तऐवज लोखंडी पेटीतून निघून घरच्या संगणकात जाऊन बसल्यापासून पेटीच्या कुलपाचे काम वायफायच्या पासवर्डकडे आले आहे, ही गोष्ट आमच्या घरी कळली ती माझ्या वडीलबंधूंचे पीककर्जाचे प्रकरण बँकेत अडले तेव्हा.

त्यांच्या सिबिल अहवालात, मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या एका कंपनीचे थकीत कर्ज उभे होते, आणि त्या कंपनीचे नावही भाऊंनी कधी ऐकले नव्हते. तहकीकात करता दिसून आले, की जोडणी करून गेलेल्या कारागिराने राउटरचा मूळचा पासवर्ड तसाच ठेवला होता, तो गल्लीतील पोरासोरांनाही ठाऊक होता, आणि प्रिंटर दोन्ही खोल्यांतून चालावा म्हणून जे फोल्डर सर्वांस खुले केले होते त्यातच घरातील सर्वांच्या कागदपत्रांच्या प्रती होत्या. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली, तर घरातील मोबाइलांखेरीज दोन अनोळखी नावे तेथे निर्धास्त वावरत होती. कागद कोणी नेले हे अद्याप शाबीत झालेले नाही. कर्जाची ती नोंद निघेपर्यंत पेरणी मात्र व्याजाच्या पैशांवर झाली.

अशा प्रसंगी पहिला जाब जोडणी ज्याच्या नावावर त्यालाच द्यावा लागतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी गेलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढीत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या दारी. त्याचे वायफाय खुले होते, त्याचा लाभ परक्याने घेतला होता, तरी संगणकाची जप्ती आणि चौकशीचा ससेमिरा त्याच्याच वाट्याला आला. त्याच वर्षी माटुंग्याचे खालसा महाविद्यालय आणि चेंबूरची एक कंपनी यांची वायफायही याच रीतीने वापरली गेली.

राउटरला दोन पासवर्ड असतात, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. एक वायफायला जोडून घेण्याचा. दुसरा राउटरच्या कारभाराचा, जो यंत्राच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवर, बहुधा १९२.१६८.१.१ अशा पत्त्याशेजारी, छापलेला असतो. पहिला बदलून दुसरा तसाच ठेवला, तर आत शिरलेला इसम पहिलाही पुन्हा बदलू शकतो, म्हणून दोन्ही बदलावेत, आणि त्यांत मुलाचे नाव, मोबाइल क्रमांक वा गावाच्या नावापुढे १२३ असले काही घालू नये. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडलेले बरे. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवे, २०१८ साली आलेले डब्ल्यूपीए-३ निवडावे. डब्ल्यूईपी कालबाह्य झाले आहे. डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करावी, कारण तिचा आठ अंकी पिन यंत्राच्या साहाय्याने सुमारे अकरा हजार प्रयत्नांत उलगडतो, हे २०११ सालीच उघड झाले. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे घरच्या उपकरणांपासून वेगळी जोडणी, द्यावे. पाहुण्याला नकार देणे आपल्याकडे अवघड जाते, त्यावर मला हा उत्तम तोडगा वाटतो.

दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-सी अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पैसा गेला असल्यास सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर विनाविलंब फिर्याद नोंदवावी, आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करावे, आणि आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. खोट्या नोंदीविरुद्ध तक्रार केल्यास तिचा निकाल तीस दिवसांत लागावा, अन्यथा दिवसाला शंभर रुपये भरपाई, असाही नियम आहे. तेव्हा शेतकरी बंधूंनो, खरिपाच्या कर्जाचा अर्ज भरण्याची वाट न पाहता हा अहवाल चैत्र-वैशाखातच मागवून घ्या.