प्रमोशन हुकलं तेव्हा (गीता 18.14 ते 16)



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 14 ते 16.

अप्रेझलचा सीझन आहे, म्हणून आज हे श्लोक घेतले. वर्षभर रिलीज वेळेवर दिले, रात्री-अपरात्री प्रॉडक्शनचे कॉल घेतले, रेटिंगही चांगलं मिळालं, पण लेटरमध्ये डेसिग्नेशन जुनंच. गेल्या वर्षी हे माझ्याही वाट्याला आलं. आधी राग येतो, मग 'माझ्यातच काही कमी आहे का?' हा प्रश्न झोपू देत नाही.

भावार्थ

भगवंत सांगतात, कुठल्याही कर्मामागे पाच कारणं असतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. म्हणजे कर्म जिथे घडतं तो आधार, करणारा, त्याची साधनं, त्याचे वेगवेगळे प्रयत्न आणि आपल्या हातात नसलेलं ते पाचवं. असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला खरं दिसतच नाही.

ऑफिसच्या भाषेत बघू. प्रोजेक्ट कोणता मिळाला, बजेट किती, जागा किती, मॅनेजर वर्षाच्या मध्येच बदलला का... यातलं आपल्या हातात किती होतं? आपण पाचातले एक. म्हणून प्रमोशन मिळालं तर सगळं श्रेय आपलं नाही, आणि हुकलं तर सगळा दोषही आपला नाही. ज्याला मिळालं, त्याच्यामागेही हीच पाच कारणं आहेत. मग त्याच्यावर जळायचं कशाला?

एक खरं उदाहरण

डॉ. रा. गो. भांडारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक होते. काम उत्तम, विद्वत्ता मोठी. पण 1873 मध्ये कायमची जागा मिळाली ब्रिटनहून आलेल्या पीटर पीटरसन यांना, जे त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते. राज्य इंग्रजांचं होतं. कारण शोधायला लांब जायला नको. भांडारकरांना दुय्यम जागेवर राहावं लागलं.

अन्याय होता, हे स्पष्टच म्हणू. पण त्यांचं शिकवणं, संशोधन आणि प्रार्थना समाजातली उपासना थांबली नाही. पुढे मुंबई इलाख्यातल्या संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचं काम त्यांनी केलं, आणि तेच काम पीटरसनही करत होते. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांना प्राध्यापकपद मिळालं, 1893 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1917 मध्ये पुण्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

पण 'शेवटी मिळालंच की!' हा यातला धडा नाही. सगळ्यांना मिळतंच असं नाही. धडा हा, की मधल्या वर्षांत त्यांनी स्वतःचं काम कडू होऊ दिलं नाही.

आपल्यासाठी

दुसऱ्या अध्यायातला 47 वा श्लोक सगळ्यांना पाठ असतो, पण त्याचा शेवटचा चरण आपण विसरतो: कर्म न करण्याचीही ओढ नको. 'मिळालं नाही ना, मग आता पगारापुरतंच काम' हीच ती ओढ. यात कंपनीचं जेवढं जातं, त्याहून जास्त आपलं जातं, कारण कामातला आनंदच निघून जातो.

आणि फळाची आसक्ती सोडणं म्हणजे तोंड शिवून बसणं नव्हे. अर्जुनाने किती प्रश्न विचारले! भगवंतांनी त्याला कधी गप्प केलं नाही. तेव्हा मॅनेजरकडे वेळ मागा, निकष काय होते ते शांतपणे विचारा. गरज वाटली तर दुसरी नोकरीही बघा. फक्त निर्णय रागात नको.

आजचा अभ्यास

1. वहीत पाच कारणं लिहा. त्यातलं आपल्या हातात काय होतं, त्यावर खूण करा.
2. ज्याला प्रमोशन मिळालं, त्याचं मनापासून अभिनंदन करा. अवघड आहे, पण कराच.
3. उद्याचं पहिलं काम देवाला वाहून सुरू करा.

प्रार्थना: पांडुरंगा, माझी किंमत लेटरवरच्या पदात शोधायची सवय सोडव. हातातलं काम तुझं म्हणून करता येऊ दे.

🌼 राम कृष्ण हरी 🌼