पंपिंग चांगलं आहे, काका

टूडी इकोचा रिपोर्ट हातात पडला की आपण सगळे आधी एकच आकडा शोधतो, ईएफ. डावं निलय दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं, तो हा आकडा. माझा ६० होता. "पंपिंग चांगलं आहे, काका," असं सांगून मला घरी पाठवलं. हृदयाच्या भिंतींची जाडी १५ मिलिमीटर भरली होती आणि तिच्यापुढे 'रक्तदाबामुळे' असा शेरा होता. गंमत म्हणजे त्याआधी बराच काळ माझा रक्तदाब आपोआप उतरत चालला होता. गोळ्या एकेक करून बंद झाल्या, तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. वेळेत उपचार झाल्याने दोन्ही बरंचसं परत आलं. मेंदूत अडकलेली गुठळी हृदयातून आली असावी, म्हणून ठोके अनियमित आहेत का याचा शोध सुरू झाला. ईसीजी नियमित. ठोक्यांची सलग नोंद ठेवणारं होल्टर लावलं, त्यातही काही नाही. शेवटी घशातून नळी घालून इको केला. डाव्या अलिंदाला एक चिंचोळा खिसा असतो, डॉक्टर त्याला अपेंडेज म्हणतात. गुठळी तिथे होती.

नियमित ठोक्यांच्या हृदयात गुठळी कशी, याचं उत्तर पुढच्या तपासण्यांत मिळालं: अमायलॉइडोसिस. यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन विस्कटून हृदयाच्या स्नायूत साचत होतं. निलयाच्या भिंती त्यानेच जाड झाल्या होत्या. पण हे प्रथिन अलिंदाच्या पातळ भिंतीतही साचतं, आणि तिकडे फारसं कोणी बघत नाही. अलिंदाची कामं तीन: फुप्फुसांतून आलेलं रक्त साठवणं, ते खाली वाहू देणं आणि शेवटी स्वतः आवळून उरलेलं रक्त निलयात ढकलणं. भिंत ताठरली की तिन्ही बिघडतात. ईसीजी फक्त वीज दाखवतो. मोटारीचा दिवा लागलेला असावा आणि टाकीत पाणी चढू नये, तशी माझी गत होती. अलिंदाला विजेचा इशारा वेळेवर पोचत होता, पण ते आवळत जवळजवळ नव्हतंच. साचून राहिलेलं रक्त गोठतं.

हे केवळ माझं दुर्दैव नव्हे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००७ साली अशा आजाराच्या ११६ हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ३३ टक्के हृदयांत गुठळ्या सापडल्या होत्या.

म्हणून ज्यांच्या रिपोर्टात भिंती १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड आहेत आणि कारण नीट पटत नाही, त्यांनी ईएफवर थांबू नये. दोन्ही हातांची कार्पल टनेलची शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्तदाबाच्या गोळ्या आपोआप सुटल्या का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. माझे दोन्ही हात कापून झाले होते, पण हाताचा आणि हृदयाचा संबंध कोण जोडणार! ईसीजीतल्या लाटा जाडीच्या मानाने खुज्या असतील तर संशय वाढतो. नसतील म्हणून तो फिटत नाही.

मग इकोत निलय आणि अलिंद या दोन्ही कप्प्यांचं स्ट्रेन, म्हणजे भिंत किती ताणते-आवळते याचं मोजमाप, मागा. निलयाच्या स्ट्रेनमध्ये टोकाचा भाग चांगला आवळतो आणि झडपांजवळचा मागे पडतो, ही अमायलॉइडची ओळखीची खूण आहे. अलिंदाच्या स्ट्रेनमध्ये साठवणीचा आकडा बघा. निरोगी माणसात तो सरासरी ३९ टक्क्यांच्या आसपास असतो. 'अलिंद थोडं मोठं' एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नका. आकार आणि काम वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हा आकडा मशीन आणि सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतो, तेव्हा पुढची तपासणी शक्यतो त्याच ठिकाणी करावी. अलिंदाच्या स्ट्रेनवरून अमायलॉइडचं निदान मात्र होत नाही. त्यासाठी पायरोफॉस्फेट स्कॅन असतो, आणि त्याच्यासोबत रक्त-लघवीतल्या लाइट चेन नावाच्या प्रथिनांची तपासणी झालीच पाहिजे. लाइट चेन साचून होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या अमायलॉइडमध्येही स्कॅन कधीकधी उजळतो, आणि त्या आजाराला केमोथेरपी लागते, तीही तातडीने.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल एक सावधगिरी. अमायलॉइड असून ठोके अनियमित झाले, तर इतर जोखमींचे गुण न मोजताच ती देतात. ठोके नियमित असताना केवळ अलिंद मंद आहे म्हणून द्यावी का, हे प्रत्येकाच्या रक्तस्रावाच्या धोक्याकडे बघून ठरतं. माझ्या गोष्टीवरून कोणी स्वतःच सुरू करू नये. ठोके ताळ्यावर आणायला शॉक द्यायचं ठरलं, तर आधी घशातून इको करणार का, हे विचारा. गोळी चालू असली तरी विचारा.

निदान झाल्यावर माझ्या डॉक्टरीणबाईंनी जुन्या सेंटरकडून पहिल्या इकोच्या हलत्या क्लिप मागवल्या आणि त्यांवर स्ट्रेन मोजलं. साठवणीचा आकडा ११ निघाला, तोही झटक्याच्या कितीतरी आधीचा. क्लिप जपलेल्या होत्या म्हणून हे कळलं. रिपोर्टाला चिकटवलेल्या छापील चित्रांवरून स्ट्रेन काढता येत नाही. इकोला जाताना पेनड्राइव्ह न्या आणि क्लिप त्याच दिवशी मागून घ्या. जागा भरली की जुन्या पुसल्या जातात.