वहिनीला मशीन घेतेयस ना, मग आधी हे ऐक

हं, सांग आता. दुकानात गेलीस, समोरच्याने 21 प्रकारच्या शिलाया, ऑटोमॅटिक काज, झिगझॅग असं सगळं एका दमात ऐकवलं आणि तू नुसतं दरपत्रक घेऊन घरी आलीस, असंच ना? बरं केलंस गं. घाईघाईत पैसे मोजून आली नाहीस, यातच निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं आपण दोघी मिळून करू.

खरं सांगू का, स्वतःसाठी घेतलेली वस्तू नीट चालली नाही तर आपण दुकानात जाऊन भांडतो, बदलून आणतो. भेट मिळालेल्या वस्तूची तक्रार कोण करतं? टीप सुटत असली तरी वहिनी तुला कधीच सांगणार नाही. तू फोन केलास की "छान चाललंय हो" म्हणेल आणि मशीनवर कव्हर घालून जुन्यावरच शिवत बसेल. तिला तक्रार करता येणार नाही, म्हणून तिच्या वतीने सगळ्या चौकश्या आत्ता तूच करायच्या.

पहिली चौकशी दादाकडे. वहिनी सध्या जास्त काय शिवते? गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज, परकर, साडीला फॉल, की मुलांचे फ्रॉक? दिवसातून किती वेळ बसते? गावात लाइट किती वेळ जाते? आणि तिचे गुडघे कसे आहेत? हे शेवटचं विचारायला लाजू नकोस. पायमशीन दिवसभर चालवणाऱ्या बाईचे गुडघे नि कंबर बोलायला लागतात, पण ती घरात सांगत नाही.

आता बघ, तुझं बजेट 12 हजारांचं, त्यात दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ते काळं, लोखंडी, सरळ टीप मारणारं मशीन. स्टँड-टेबलासकट साधारण 7 ते 10 हजारांत बसतं आणि वर छोटी मोटर लावून घेता येते. लाइट असेल तेव्हा मोटरवर, नसेल तेव्हा पट्टा चढवून पायावर. दुसरा रस्ता पांढऱ्या ऑटोमॅटिक झिगझॅग मशीनचा. उषा-जानोमे, सिंगर, ब्रदर यांची साधी मॉडेलं साधारण 10 हजारांपासून सुरू होतात. त्यात काज होतं, कापडाच्या कडा झिगझॅगने बंद करता येतात आणि वजनाला हलकं असल्याने काम झालं की उचलून कपाटात ठेवता येतं. पण लाइट गेली की ते गप्प.

माझं मत विचारशील तर रोज चार-पाच ब्लाऊज उरकणाऱ्या बाईला मी काळं मशीनच देईन, मोटर लावून. ब्लाऊजला नव्वद टक्के वेळ सरळ टीपच लागते गं. 21 शिलायांपैकी बाईच्या हाताखालून जातात तीन-चार, बाकीच्या डबीवरच्या चित्रात राहतात. घरापुरतं शिवणारी असेल, मुलांचे कपडे, पडदे, उशांचे अभ्रे करणारी असेल, तर मात्र खुशाल ऑटोमॅटिक घे. आणि पिकोसाठी म्हणून झिगझॅग घेत असशील तर थांब. घरगुती मशीनवर पिकोसारखी कड होते, पण दुकानातल्या पिको मशीनचा वेग नि सफाई त्याला येत नाही. रोज साड्या येत असतील तर ते वेगळंच मशीन लागतं.

काळ्या मशीनची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडची ही बहुतेक मशीनं सिंगरच्या जुन्या 15 नंबरच्या घडणीवर बेतलेली आहेत, म्हणून एकाचे भाग बरेचदा दुसऱ्याला बसतात. लुधियानात हे भाग ढिगाने बनतात आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोचतात. शटल झिजलं, बॉबिन केस पडून वाकली, तरी थोडक्या पैशांत काम होतं. ऑटोमॅटिकचं तसं नाही. त्याची आतली प्लास्टिकची चाकं त्या-त्या कंपनीचीच लागतात. म्हणून दुकानदाराला शिलाया किती ते विचारू नकोस, "बिघडलं तर आमच्या गावात माणूस कोण येतो?" हे विचार. त्याने नाव-नंबर दिला तर तिथंच फोन लावून खात्री कर.

आता दुकानात जाशील तेव्हा हात हलवत जाऊ नकोस. पर्समध्ये घरचे तीन तुकडे टाक: सुती ब्लाऊजपीस, जुन्या जीन्सचा तुकडा आणि सुळसुळीत जॉर्जेट. दुकानदार डेमो दाखवतो तो त्याच्या कडक, खळ लावलेल्या कापडावर. त्यावर कुठलंही मशीन सुरेख चालतं. तू म्हण, "काका, माझ्या कापडावर मारून दाखवा." सुतीवर टीप मारली की कापड उलटं कर. दोन्ही बाजूंनी टीप सारखी दिसायला हवी, वरचा नि खालचा दोरा कापडाच्या मध्ये गुंततो. खाली दोऱ्याचं जाळं झालं तर लगेच मशीनला नावं ठेवू नकोस. प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसत नाही आणि खाली अशी जाळी धरते. फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवायला सांग. तरीही जाळं झालं आणि टेन्शन फिरवूनही सुटलं नाही, तर ते मशीन सोड. मग जॉर्जेट. ते दातांमध्ये ओढलं जातं का, टीप चुकते का, ते बघ. जीन्स चार पदरी दुमडून घाल, पण त्याआधी 16 नंबरची सुई लावायला सांग. सुतीची 11 किंवा 14 नंबरची सुई तिथं मोडेल आणि दोष मशीनच्या माथी जाईल. शेवटी मोटर बंद ठेवून चाक हाताने स्वतःकडे फिरव. फिरताना कुठे अडकलं किंवा खडखडलं, तर दुसरं मशीन काढायला लाव.

ऑनलाइन दिसतात ती दीड-दोन हजारांची, सेलवर चालणारी चिमुकली मशीनं भेट म्हणून अजिबात घेऊ नकोस. त्यांची मोटर नाजूक असते, जाड कापडावर दम सोडते. शिवणारीला ती देणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईला भातुकली देणं.

जुनं मशीन मिळत असेल तर नाही म्हणू नकोस. फक्त मिस्त्रीला सोबत ने. सुईखालच्या पट्टीवर ओरखडे, बोथट झालेले दात, शटलच्या टोकाला खरवड, एवढं त्याला बघू दे. दोरा वारंवार तुटण्याचं कारण पुष्कळदा ती खरवडच असते.

दर विचारताना एक लक्षात ठेव. 22 सप्टेंबर 2025 पासून शिलाई मशीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. जुनं दरपत्रक कुणी पुढे केलं तर तेवढं बोलून घे. वाचलेल्या पैशांत 11, 14 आणि 16 नंबरच्या सुयांची पाकिटं, डझनभर बॉबिन, चांगली कात्री आणि मशीनच्या तेलाची बाटली घे. बॉबिन त्याच मशीनची हं. काळ्या मशीनची धातूची बॉबिन वरून टाकायच्या प्लास्टिकच्या बॉबिनच्या जागी चालत नाही, दोरा अडकतो. आणि तेल मशीनचंच. खोबरेल घातलं की ते आत घट्ट होतं आणि मशीन जड चालतं. वहिनीला हे माहीत असेल, पण घरातलं दुसरं कुणी प्रेमाने घालायला जातं!

एक काम मात्र खरेदीच्या आधी कर. वहिनी पैसे घेऊन शिवत असेल तर दादाला सीएससी केंद्रात पाठवून पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करायला लाव. 2023 च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या या योजनेत शिंपीकामही धरलंय. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पुढे धंद्याला 5 टक्के व्याजाने कर्ज मिळतं. लाभ नवरा-बायकोपैकी एकालाच, म्हणून दादाने आधीच नाव घातलेलं नाही ना, ते बघ. ते जमलं तर तुझ्या पैशांतून मशीन आणि त्या मदतीतून पुढची साधनं, असं दोन्ही होईल. नाही जमलं तरी तुझं मशीन आहेच, त्यासाठी अडून राहू नकोस.

बिल मात्र वहिनीच्या नावाने कर, तुझ्या नाही. वॉरंटी कार्डावर मशीनचा नंबर, तारीख आणि दुकानाचा शिक्का घे, त्याचा फोटो स्वतःकडे ठेव. आणि दुकानदाराला सांग की महिनाभराने माणूस पाठवून एकदा तेल-टेन्शन बघून जायचं. त्या भेटीचे पैसे आत्ताच देऊन टाक. म्हणजे काही खटकत असेल तर ते वहिनी त्या माणसाला न संकोचता सांगेल.