सौद्यातील इंग्रजी

महाबळेश्वरच्या बाजारात चपला, पट्टे विकणाऱ्या आपल्या बंधूंना भाव ऐकून एखादे गिऱ्हाईक म्हणते, 'अ बिट स्टीप'. शब्दकोशात 'स्टीप' म्हणजे उभा चढ. घाटमाथ्यावरच्या माणसाला तो अर्थ लगेच पटतोही! परंतु येथे गिऱ्हाईक 'भाव जरा जास्त आहे' असे सांगत असते. म्हणजे सौदा अजून तुटलेला नाही. 'जस्ट लुकिंग' म्हणणाऱ्याच्या मात्र मागे लागू नये, तो नुसता पाहायला आला आहे.

व्यवहारासाठी परकी भाषा शिकणे आपल्याला नवे नाही. प्रेषितांच्या (स.) सांगण्यावरून हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी यहुद्यांशी पत्रव्यवहारासाठी त्यांची लिपी शिकून घेतली होती.

मिरजेचे उदाहरण घ्या. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये बनविण्यास सुरुवात केली. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये परदेशी जातात, आणि पत्रव्यवहारात शब्दकोश दगा देतो. भोपळ्याला 'पम्पकिन' लिहिले तर परदेशी माणसाला भाजीचा भोपळा आठवेल. वाद्याचा तो 'गोर्ड'. घोडी म्हणजे 'ब्रिज', खुंटी म्हणजे 'पेग', पडदा म्हणजे 'फ्रेट'. (हाच 'फ्रेट' क्रियापद झाला की त्याचा अर्थ चिंता करणे.) तरफेच्या तारांना 'सिम्पथेटिक स्ट्रिंग्ज' म्हणतात. तेथे सहानुभूतीचा अर्थ एवढाच की वरची तार छेडली की खालची आपोआप झंकारते.

यापेक्षा जपायचे ते पैशाचे शब्दप्रयोग. 'वी विल गेट बॅक टू यू' म्हणजे 'नंतर कळवू'. ती ऑर्डर नव्हे; तेवढ्यावर लाकूड खरेदी करू नये. 'ऑन अप्रुव्हल' म्हणजे माल पाहून पसंत पडला तर घेऊ, नाही तर परत. अशा वेळी परतीचे भाडे कोण देणार, हे माल पाठविण्यापूर्वीच लिहून घ्यावे. 'सब्जेक्ट टू' दिसले की पुढचा शब्द दोनदा वाचावा, कारण अट तेथेच असते. सांगलीच्या बिलावर 'सब्जेक्ट टू सांगली ज्युरिस्डिक्शन' असते, म्हणजे तंटा झाल्यास सांगलीच्या कोर्टात. 'ई. अँड ओ. ई.' मात्र जुनी ओळखीची गोष्ट आहे : आपले 'भूलचूक देणे घेणे'.

'ॲज इज' म्हणजे आहे त्या स्थितीत. नंतर तक्रार चालणार नाही. जुने वाद्य विकताना हे दोन शब्द लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण हदीसनुसार मालातील ऐब सांगितल्याशिवाय तो विकणे वैध नाही. भोपळ्याला केसासारखी बारीक चीर असेल, तर 'हेअरलाइन क्रॅक' हा शब्द पत्रात स्पष्ट लिहावा. शब्द येत नव्हता, ही सबब चालायची नाही.

हे शिकायला मोठा क्लास लागतो असे नाही. मुसळधार पावसाचे वाक्प्रचार तेथे घोकून घेतात, गिऱ्हाईक ते सहसा बोलत नाही! सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. ती वही असतेच. तिच्या मागच्या पानांवर आलेल्या पत्रांतली, बिलांतली, मोबाईलवरच्या संदेशांतली एकेक ओळ जशीच्या तशी उतरवावी. समोर अर्थ आणि त्याने पैसा कोणाकडे गेला, हेही लिहावे. उच्चार कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून किंवा मुलाकडून तपासून घ्यावा. आठवड्याला पाच ओळी पुरेत.