दूरच्या मंडळीशीं नातें : ट्रान्सिल्व्हेनियाचा एक धडा

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र, अध्याय 15, वचनें 25 ते 27, करिंथकरांस दुसरें पत्र, अध्याय 8 व 9.

यरुशलेमांतील गरीब पवित्र जनांकरितां पौलानें मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांपासून वर्गणी जमविली, हें आपण पुष्कळदां वाचलें आहे. परंतु त्यांतील एक गोष्ट वाचतांना आपल्या नजरेंतून निसटते. त्या दानाला पौल उपकार म्हणत नाहीं. तो त्यास ऋण म्हणतो. ज्यांच्यापासून आत्मिक वस्तु मिळाल्या त्यांस ऐहिक वस्तूंनीं फेड करावी, असा त्याचा हिशेब आहे. म्हणजे यरुशलेमकर केवळ घेणारे नव्हते आणि मासेदोनियाकर केवळ देणारे नव्हते. या हिशेबाचें एक उदाहरण आपल्या पंथाबाहेर सांपडतें. आज तेंच अभ्यासासाठीं घेऊं.

युनिटेरियन लोक देव एकच आहे असें मानून त्रैक्याचा सिद्धांत नाकारितात. तें मत आपलें नव्हे, आणि तो वाद येथें उकरून काढण्याचा माझा हेतु नाहीं. शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी चाखून पाहण्यास आपली विहीर बुजवावी लागत नाहीं.

यूरोपच्या पूर्वेस, आजच्या रुमानिया देशांत, ट्रान्सिल्व्हेनिया नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. इ. स. 1568 च्या जानेवारींत तेथील तोर्दा गांवीं भरलेल्या राजसभेनें ठरविलें कीं, उपदेशकानें आपल्या समजुतीप्रमाणें सुवार्ता सांगावी व त्याबद्दल कोणीं त्यास छळूं नये. त्या काळीं यूरोपांत धर्ममताकरितां माणसें जाळीत असत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या ठरावाची थोरवी कळते. त्या सभेंत फेरेन्त्स दाविद या उपदेशकाचें वजन मोठें होतें. पुढें राजा पालटला, वारें फिरलें, आणि त्याच दाविदानें 1579 सालीं देवा येथील किल्ल्यांत कैदी म्हणून प्राण सोडला. त्याच्या मंडळ्या मात्र टिकल्या. त्यांची भाषा हंगेरियन. पुष्कळ देवळांवर देव एक आहे या अर्थाचे शब्द कोरलेले असतात. प्रभुभोजन वर्षांतून चार वेळां होतें : नाताळ, पुनरुत्थान, पेन्टेकॉस्ट व कापणीचा सण. शेतकऱ्यांची मंडळी ती; सुगीचा दिवस त्यांना चुकेल कसा?

इंग्लंड व अमेरिका येथेंही त्याच मताच्या मंडळ्या उत्पन्न झाल्या. परंतु कित्येक पिढ्या या दूरच्या भावंडांस एकमेकांची फारशी खबर नव्हती. एकोणिसाव्या शतकांत पत्रें जाऊं लागलीं. पुढें ऑस्ट्रियाच्या सरकारनें शाळांविषयीं असे नियम केले कीं, पैसा उभा न केल्यास युनिटेरियन शाळा बंद पडाव्या. तेव्हां इंग्लंडांतील मंडळ्यांनीं वर्गणी धाडली, आणि 1858 सालीं एडवर्ड टॅगार्ट नांवाचे पाळक स्वतः तेथवर भेटीस गेले. परत येतांना वाटेंत ब्रसेल्स येथें त्यांचा अंत झाला. नातें जोडण्यास माणूस स्वतः जातो तेव्हां त्याची किंमत कधीं कधीं अशी द्यावी लागते.

1860 पासून ट्रान्सिल्व्हेनियाचे तरुण इंग्लंडांत मँचेस्टर कॉलेजांत शिकण्यास येऊं लागले. हें कॉलेज पुढें ऑक्सफर्ड येथें गेलें. आमच्या वाचकांस ऐकून नवल वाटेल कीं, प्रार्थनासमाजाचे विठ्ठल रामजी शिंदे यांनींही युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर 1901 ते 1903 पर्यंत याच कॉलेजांत अध्ययन केलें. परत आल्यावर 1906 सालीं त्यांनीं मुंबईंत अस्पृश्य बंधूंकरितां मिशन काढलें.

पहिल्या महायुद्धानंतर, 1920 च्या तहानें, ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडून रुमानियाकडे गेला. मंडळ्या एका रात्रींत परक्या राज्यांतील अल्पसंख्य झाल्या. त्या वेळीं अमेरिकेंतील मंडळ्यांनीं एकेका गांवच्या मंडळीस बहीण मानून पत्रें व मदत पाठविण्याची योजना केली. ती कांहीं वर्षें चालली. मग अमेरिकेंत मंदी आली, दुसरें महायुद्ध आलें, त्यामागून रुमानियांत कम्युनिस्टांची सत्ता आली, आणि धागा तुटला.

याच काळांतील एक पाळक मला फार आवडतो. बालाझ फेरेन्त्स हा अमेरिकेंत शिकून, जपान, चीन व आपला हिंदुस्थान पाहून घरीं परतला, आणि मेस्को नांवाच्या लहानशा खेड्याचा पाळक झाला. मोठ्या शहरांतील व्यासपीठ त्यास मिळालें नसतें असें नाहीं. त्यानें शेतकऱ्यांची दुधाची सहकारी संस्था उभी केली, प्रौढांस शिकविलें, आणि 1937 सालीं ऐन पस्तिशींत क्षयानें गेला. परदेशांत जें मिळालें तें त्यानें खेड्यांत आणून पेरलें.

1988 च्या सुमारास रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू यानें हजारों खेडीं पाडून लोकांस मोठ्या वसाहतींत कोंबण्याचा बेत जाहीर केला. तें ऐकून अमेरिकेंतील मंडळ्या पुन्हां जाग्या झाल्या. 1989 च्या डिसेंबरांत तो हुकूमशहा पडला, सरहद्दी उघडल्या, आणि जुनें नातें नव्यानें जुळलें. 1993 सालीं या कामाकरितां अमेरिकेंत एक परिषद स्थापन झाली. पुढें अशा जोड्या शंभरांवर गेल्या. कोणीं पाळकाचें घर दुरुस्त केलें, कोणीं गांवाला ट्रॅक्टर घेऊन दिला, कोणीं खेड्यांतील मुलांच्या शहरांतील शिक्षणाचा भार उचलला. पाहुणे गेले, शेतकऱ्यांच्या घरीं उतरले.

येथून खरी परीक्षा सुरू झाली, आणि पाठाचा मुख्य भाग हाच आहे. देणाऱ्यांस वाटूं लागलें, आमच्या डॉलरांचें काय झालें? घेणाऱ्यांस वाटूं लागलें, आम्ही काय भिकारी आहों? आणखी एक अडचण निघाली. अमेरिकेंतील युनिटेरियन 1961 सालीं युनिव्हर्सलिस्टांशीं एक झाले होते, आणि त्यांच्यांतील पुष्कळ जण आतां स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत नाहींत. ट्रान्सिल्व्हेनियाचे लोक मात्र शास्त्र, प्रश्नोत्तरावली व प्रभुभोजन सोडण्यास तयार नव्हते. एकाच नांवाचीं दोन घरें, पण चुली निराळ्या! जेथें पैसा हाच दुवा होता तेथें नातें लवकर थकलें. जेथें पाहुण्यांनीं विचारिलें कीं, चारशें वर्षें तुम्ही कशाच्या बळावर टिकलां, तेथें तें वाढलें. कारण त्या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंत विकत मिळत नव्हतें. पौलाचा हिशेब तो हाच.

एक जुनी आठवण सांगतों. माझ्या लहानपणीं आमच्या मंडळीस परदेशांतून बाजाची पेटी आली. सर्वांस आनंद झाला, ती वर्षानुवर्षें वाजली. परंतु उत्तराचें पत्र कोणीं लिहिलें नाहीं. पंचांनीं म्हटलें, पाळक लिहितील. पाळकांनीं म्हटलें, मिशनचे साहेब लिहितील. दोन वर्षांनीं तिकडून एक चिठ्ठी आली : पेटी पोहोंचली का? ती वाचली तेव्हां सभेंत कोणीं मान वर केली नाहीं. मी मुलांत बसलों होतों.

ट्रान्सिल्व्हेनियांतही मोठें दुःख उरलें आहे. रुमानियाच्या 2011 च्या खानेसुमारींत युनिटेरियन सुमारें 58,000 होते. 2021 च्या मोजणींत ते सुमारें 48,000 भरले. तरुण माणसें पोटाकरितां परदेशीं जातात, आणि गांवच्या देवळांत म्हातारीं माणसें उरतात. ट्रॅक्टर देतां येतो. नांगरणारा देतां येत नाहीं. हें दुःख आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस नवें नाहीं.

हा पाठ शिकवितांना कॅटेकिस्ट बंधूंनीं करिंथकरांच्या पत्राचे दोन्ही अध्याय मोठ्यानें वाचून घ्यावे आणि मग मंडळीस विचारावें : आपल्याकडे आलेलें कोणतें पत्र अजून उत्तरावांचून पडलें आहे? सांपडल्यास त्याच बैठकींत उत्तर लिहावें, आणि त्यांत केवळ आभार न मानतां आपल्या मंडळींत या वर्षीं काय घडलें तेंही कळवावें : किती बाप्तिस्मे झाले, पाऊस कसा झाला, कोण वारलें.