प्रदर्शनातलं चित्र घरी न्यायचं तर खर्च किती?

जहांगीर कलादालनात शिरायला तिकीट लागत नाही. स्त्रीपण आणि ओळख हा विषय घेऊन एखाद्या चित्रकर्तीचं एकल प्रदर्शन लागलेलं असतं, पण भिंतीवर बाईची आकृती कुठेच नसते. रंगांचे थर, खरवडलेल्या जागा, जुन्या साडीचा तुकडा, त्यावर घातलेले टाके. एखाद्या चित्रापुढून पाय निघत नाही. तेव्हा किंमत विचारायला संकोचू नका. दरपत्रक टेबलावर असतं, मागितलं की मिळतं. लेबलाशेजारी लाल टिकली असेल, तर ते चित्र विकलं गेलंय.

किंमत बहुधा आकारावर ठरते. समजा, चौरस इंचाला 40 रुपये दर आहे. 36 बाय 48 इंचांचा कॅनव्हास 1,728 चौरस इंचांचा, म्हणजे 69,120 रुपये. विक्रेता जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर 5 टक्के, म्हणजे 3,456 रुपये. सप्टेंबर 2025च्या कपातीआधी हा दर 12 टक्के होता. नोंदणी नसलेल्या चित्रकर्तीला कर लावता येत नाही. म्हणून कर भरणार असाल तर नोंदणी क्रमांकासह पक्कं बिल घ्या.

घासाघीस करण्याआधी एवढं ध्यानात घ्या: खासगी गॅलरी विक्रीतले साधारण 30 ते 50 टक्के स्वतःकडे ठेवते. 40 टक्के धरले तरी वरच्या चित्राचे 41,472 रुपयेच चित्रकर्तीच्या हाती येतात. त्यातून रंग, कॅनव्हास, स्टुडिओचं भाडं आणि कित्येक महिन्यांची मेहनत भागवायची. दालन भाड्याने घेतलं असेल तर भाडं, कॅटलॉग, टेम्पो हे सगळं तिने एकही चित्र विकलं जाण्याआधी भरलेलं असतं. पैसे कमी पडत असतील तर किंमत पाडून मागू नका. हप्ते विचारा, किंवा कागदावरची लहान कामं पाहा. 12 बाय 12चं चित्र त्याच दराने 5,760 रुपयांना पडतं. लहान कामांना दर थोडा चढा असू शकतो, तरी आवाक्यात राहतो.

पैसे देण्यापूर्वी चित्र उलटं करून दाखवायला सांगा. मागे सही, वर्ष, माध्यम लिहिलेलं हवं. माध्यमाची चौकशी इथे फार महत्त्वाची, कारण स्त्रीपणाच्या विषयावरच्या कामांत हळद, कुंकू, आळता वापरलेला असू शकतो. हळदीचा पिवळा उजेडात उडतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर असं चित्र लावलं तर तो रंग फिका पडत जाणार. आणि सैल टाक्यांवरून कापडाने धूळ पुसू नका, दोरा ओढला जातो; मऊ, कोरडा ब्रश हलक्या हाताने फिरवा.

फ्रेम, पॅकिंग आणि घरपोच वाहतूक किमतीत धरली आहे का, हेही आधीच विचारा. कागदावरच्या कामाला काच आणि आम्लमुक्त माउंट लागतो, तो खर्च वेगळा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबरी गुट्ट्या चिकटवल्या की हवा खेळते, बुरशीला आळा बसतो. हा खर्च किरकोळ आहे, तो वाचवू नका.

बिलाबरोबर चित्रकर्तीच्या सहीचं, चित्राच्या फोटोसह प्रमाणपत्र घ्या. चित्र तुमचं होतं, कॉपीराइट तिच्याकडेच राहतो. ते कॅलेंडरवर किंवा कपड्यावर छापायचं तर तिची लेखी परवानगी लागते. चित्र आगाऊ रक्कम देऊन राखून ठेवता येतं, पण ताबा सहसा प्रदर्शन संपल्यावरच मिळतो. पावतीवर ती तारीख लिहून घ्या.